एका सेक्शनवरची तीन नावं

माझ्या मावशीचं घर चिपळूणला, बाजारपेठेच्या मागच्या आळीत. जांभ्या चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं. पुढे पडवी, मग ओटी, माजघर आणि मागे परसाकडे उघडणारं स्वयंपाकघर. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी या घरात शिरलं आणि बघता बघता माजघराच्या तुळईला टेकलं. मावशी, काका आणि काकांची आई शेजारच्या स्लॅबच्या घराच्या गच्चीवर भर पावसात दिवसभर बसून होते. डोक्यावर प्लॅस्टिकचं एक कापड आणि त्याखाली एकवीस माणसं. इकडे मुंबईत आमचा फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी रात्री काकांचा आवाज ऐकू आला, तेव्हा आई ओट्याला धरून खालीच बसली.

मी तेव्हा आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला होते. ऑगस्टमध्ये मावशीकडे गेले ती चिखल उपसायला. गुडघाभर चिखल, त्यात भिजून फुगलेलं धान्य, गाद्या, काकांच्या दुकानातल्या वह्या. तिथे दोघंजण भेटली. एक, ज्याच्या गच्चीवर मावशी बसली होती त्या घरातला मुलगा. तो घाटावरच्या एका कॉलेजात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकत होता. दुसरी सांगलीची. समाजकार्य शिकायचं तिचं ठरलेलं होतं आणि मदतीला आलेल्या एका गटाबरोबर ती आळीत घरोघर फिरत होती. तिने २०१९ चा कृष्णेचा पूर स्वतःच्या घरात पाहिला होता. फावडं मारता मारता ती म्हणाली, "आमच्याकडं पाणी सांगून येतं. हळूहळू चढतं आणि दिवसेंदिवस हलत नाही. तुमच्याकडं तर काही तासांत आलं आन् गेलं. सामान हलवायलासुद्धा सवड दिली नाही."

हा फरक माझ्या डोक्यात राहिला. कोकणातल्या नद्या आखूड. सह्याद्रीवरून कोसळतात आणि थोडक्यात समुद्राला मिळतात. वाशिष्ठीला चिपळूणपर्यंत भरती-ओहोटी जाणवते. वर पाऊस कोसळत असताना खाली दाभोळच्या खाडीत भरती असली, की पाण्याला जायला जागा उरत नाही. गावाला हे कुणी शिकवावं लागत नाही. मला मात्र, तीन वर्षं इमारती काढायला शिकूनही, ते चिखलात उभं राहून कळलं.

पाचव्या वर्षी थिसीसचा विषय द्यायची वेळ आली तेव्हा चिपळूणच घ्यायचं, हे ठरलेलंच होतं. मी सुचवलं होतं ते नदीकाठचं पूरनिवारण केंद्र. उंच खांबांवर उचललेलं, खाली मोकळं मैदान, पायऱ्यापायऱ्यांचं अँफिथिएटर आणि वर वाचनालय. वाचनालय अशासाठी, की चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं आहे आणि त्याची पुस्तकं २००५ लाही भिजली, २०२१ लाही भिजली. पहिली स्केचेस मी मोठ्या हौसेने त्या दोघांना फोनवर पाठवली. सिव्हिलवाल्याने लिहिलं, "कॉलम छान दिसतायत, पण साइझ?" सांगलीच्या मुलीने एवढंच विचारलं, "पहाटे चारला कंबरभर पाण्यातून तुझी मावशी तिथपर्यंत जाणार कशी?"

त्या प्रश्नाने माझं केंद्र आडवं झालं. मावशी शेजारच्या जिन्यापर्यंत जेमतेम पोचली होती आणि तेही मध्ये दोर धरून. मी आठ दिवस काही काढलं नाही. मग दोघांना विचारलं की आपण तिघांनी मिळून हे केलं तर? त्याला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता, तिला एम.एस.डब्ल्यू.चा शोधनिबंध आणि क्षेत्रकार्य, मला थिसीस. आळी एकच, माणसं तीच. तिघांनी वेगवेगळं जाऊन त्याच बायकांना तेच तेच प्रश्न तीनदा विचारण्यात काय अर्थ होता?

इच्छा झाली म्हणून असं काम सुरू होत नाही. तीन विद्यापीठं, तीन वेळापत्रकं. माझा थिसीस शेवटच्या सत्राचा. त्याचा प्रोजेक्ट दोन्ही सत्रांत विभागलेला, चौघांच्या गटाचा आणि गटातल्या बाकी तिघांचं मन वळवायचं. तिचं क्षेत्रकार्य आठवड्याचे ठरावीक दोन दिवस, संस्थेच्या हजेरीपुस्तकात सहीसकट. तिघांना एकत्र चिपळुणात असायला महिन्यातून एक शनिवार-रविवार मिळायचा. त्यात आमच्या कॉलेजचा नियम असा, की थिसीस एकट्याचाच असतो.

या नियमामागचं कारण माझ्या गाईड मॅडमनी मला नीट समजावलं आणि ते मला तेव्हाही पटलं होतं. आपली पदवी नुसती पदवी नसते. १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्याखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी होते आणि उद्या नकाशावर सही एकटीची असते. ती सही करायला ही मुलगी लायक आहे का, हे शेवटच्या परीक्षेत बघायचं असतं. घोळक्यात कोण किती पाण्यात आहे ते दिसत नाही. मॅडम म्हणाल्या, "मी तुला अडवत नाही. पण तुझं म्हणून जे असेल ते तुला वेगळं दाखवता आलं पाहिजे."

मला म्हणायचं होतं ते असं: पदवीनंतर पहिल्याच महिन्यात, कुठल्याही ऑफिसात, आपलं ड्रॉइंग स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे जातं, प्लंबिंगवाल्याकडे जातं आणि त्यांच्या लाल खुणा घेऊन परत येतं. मग शिकताना पाच वर्षं आपण सिव्हिलच्या एकाही मुलाशी का बोलत नाही? आमच्याकडे नासाच्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, ट्रॉफींसाठी रात्र-रात्र गटाने काम होतं. लुई कान ट्रॉफीसाठी आम्ही चाळीस जणांनी मिळून एका गावाची मोजणी केली होती. पण ते चाळीसही आर्किटेक्चरचेच. वेगळं शिकणारी मुलं एकत्र येऊन खरंच काही उभं करू शकतात, याचं उदाहरण मॅडमनीच दिलं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २००२ मध्ये सुरू केलेली सोलर डेकॅथलॉन स्पर्धा. घर खरोखर बांधायचं आणि दहा कसोट्यांना उतरवायचं. २०१४ मध्ये फ्रान्सला व्हर्सायला त्या स्पर्धेच्या युरोपीय आवृत्तीत आयआयटी मुंबई आणि रचना संसदेच्या अकॅडमी ऑफ आर्किटेक्चरच्या मुलांची 'टीम शून्य' गेली होती. भारतातून या स्पर्धेत गेलेला तो पहिला संघ. इंजिनिअर आणि आर्किटेक्ट एकाच छपराखाली भांडल्याशिवाय ते घर उभं राहिलं नसतं. पण ती स्पर्धा होती आणि परीक्षा वेगळी. परीक्षेच्या रकान्यात एकच नाव बसतं.

शेवटी तोडगा निघाला तो असा: कागदोपत्री तीन वेगळी कामं, साईट एक, मोजणी एक. पत्रांची देवाणघेवाण होऊन परवानग्या यायला जवळजवळ दीड महिना गेला.

पहिल्या शनिवारी आळीत गेलो ते ऑटो लेव्हल म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, तिची तिपाई आणि चार मीटरची स्टाफ म्हणजे आकड्यांची उभी पट्टी घेऊन. मी आणि तो रुबाबात पुढे. पहिल्या दोन घरांची दारं आमच्या तोंडावर लागली. तिसऱ्या घरातल्या काकांनी विचारलं, "रेषा मारायला आलात काय?" तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. पुरानंतर गावात पूररेषेचीच चर्चा होती. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर आलं की नवं बांधकाम जवळपास बंदच. डिसेंबर २०२१ मध्ये नदीतला गाळ काढा म्हणून लोक उपोषणाला बसले होते. तिपाई घेऊन दारात उभा राहणारा माणूस त्यांना सरकारी वाटला, यात त्यांची काही चूक नव्हती.

सांगलीची मुलगी आमच्यावर रागावली. "यंत्र आत ठेवा. आज कुणी काही मोजायचं नाही." त्या दिवशी आम्ही सात घरी नुसतं बसलो. मी एका ओटीवर सवयीने फोन काढला, भिंतीवरच्या ओलीचा फोटो घ्यायला. तिने हळूच माझा हात खाली केला. "आधी चहा घे." त्या घरातल्या आजी मग आपणहूनच उठल्या, आम्हाला आत नेलं आणि खिडकीच्या गजांवर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्या तिसऱ्या आडव्या पट्टीपर्यंत पाणी होतं तेव्हा मी देव काढून पिशवीत घातले."

पुढचे चार महिने आमचं काम काय होतं, ते त्या एका वाक्यात होतं. माझ्या ड्रॉइंगमध्ये मावशीच्या जोत्याची पातळी शून्य. मी सगळं तिथून मोजत होते. सिव्हिलवाला समुद्रसपाटीपासून मोजत होता, एका जुन्या पुलाच्या कठड्यावरच्या खुणेपासून पातळी ओढत ओढत आळीपर्यंत आणलेली. आणि आळीतल्या बायका मोजत होत्या ती कंबर, देव्हारा, गजाची तिसरी पट्टी, गॅसची शेगडी. ही तीन मापं एकमेकांना कुठेही भेटत नव्हती. माझ्या सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदात, पाणी नव्हतं, त्याच्या आकड्यांत माणूस नव्हता, तिच्या वहीत उंची नव्हती.

मग आम्ही पद्धत बसवली. ती घरात शिरायची, बोलायची. पाणी कुठवर होतं हे घरातलं माणूस बोटाने दाखवायचं. त्या बोटाशी ती स्टाफ धरायची. बाहेर आळीत तो तिपाईवरचा बुडबुडा मध्ये आणून दुर्बिणीतून रीडिंग ओरडायचा. दारातून नजर पोचत नसली तर मध्ये एक बिंदू बदलून पुन्हा लेव्हल लावायची. मी त्या भिंतीचं, त्या खिडकीचं, त्या फडताळाचं मोजमाप काढून त्याच पानावर आकडा टाकायची. एका घराला तास-दीड तास लागे. पेठेच्या टोकाला बेकरी चालवणाऱ्या चाचींच्या घरी तीन तास लागले, कारण त्यांनी वेळेनुसार सांगितलं: फजरच्या नमाजाला पाणी पायरीशी, भट्टी बुडाली तेव्हा इथे, मुलाला वर ढकललं तेव्हा तिथे. त्यांच्या त्या तीन खुणांवरून आळीत पाणी किती वेगाने चढलं याचा अंदाज पहिल्यांदा हाती आला. सिव्हिलवाला ते पान हातात धरून बराच वेळ बसला होता. मला म्हणाला, "हे कुठल्या गेजवर मिळणार नाही."

त्याच्याकडून मी काय शिकले तेही सांगते. माझा आर्किटेक्टचा पहिला विचार होता, पाणी घराबाहेर कसं ठेवायचं. दारांना सरकत्या फळ्या, भिंतींना जलरोधक लेप. त्याने बटर पेपरवर एक त्रिकोण काढला. तीन मीटर पाणी भिंतीच्या एकाच बाजूला उभं राहिलं तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साडेचार टनांच्या आसपास दाब येतो. "तुझ्या माजघराची भिंत पाच मीटर. म्हणजे बावीस टन. चिऱ्याची भिंत, सांध्यात माती. आडवी पडणार." म्हणजे अशा घरात पाणी अडवायचं नाही, आत घ्यायचं. दोन्हीकडे पातळी सारखी राहिली की दाबाला दाब तोलतो. नंतर त्याने पडलेल्या भिंतीतले चिरे कॉलेजच्या लॅबमध्ये नेऊन दाबयंत्राखाली घातले, काही कोरडे, काही दोन दिवस पाण्यात ठेवलेले. त्या दिवशी मी तिथे होते. कोरडा चिरा बंदुकीसारखा आवाज करून फुटला. ओला त्याच्या कितीतरी आधी, आवाज न करता, भाकरीसारखा दबत गेला. मावशीच्या भिंतीवर स्लॅब टाकायचं माझं उरलंसुरलं स्वप्न तिथेच गेलं.

मग जे उभं राहिलं ते केंद्र नव्हतंच. पाच-पाच घरांना मिळून एक वरचा मजला. स्लॅबची जी घरं आहेत त्यांच्या गच्चीवर एक बंद खोली, पाण्याची टाकी आणि संडास. संडास कुठल्याही आराखड्यात नव्हता. तो सांगलीच्या मुलीच्या वहीतून आला. दिवसभर गच्चीवर एकवीस माणसं, त्यात नऊ बायका, हे तिने ऐकून घेतलं होतं. आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. जुन्या चिऱ्याच्या घरांत भिंतीवर भार न टाकता आतून लोखंडी चौकटीवर उभा केलेला पक्का माळा. आणि गच्चीला जाणारा जिना घराच्या पोटातून न जाता बाहेरून, परसाच्या बाजूने, पाण्यातही हाताला लागेल असा कठडा असलेला.

जिना बाहेरून काढणं मला सोपं वाटलं होतं. चाचींनी विचारलं, "जिना बाहेर, मग किल्ली कुणाकडं?" रात्री-अपरात्री कुणीही गच्चीवर चढेल, चोरी होईल, घरात वयात आलेल्या मुली आहेत. याला माझ्याकडेही उत्तर नव्हतं, त्याच्याकडेही नव्हतं. सांगलीच्या मुलीने तीन बैठका घेतल्या. त्यातल्या एकीत दोन घरांचं जुनं, हद्दीचं भांडण उकरून निघालं आणि ती बैठक मोडली. तिसऱ्या बैठकीत पाच घरांनी एक पानी समजूत लिहिली: किल्ल्या तीन, कुणाकुणाकडे, जूनच्या पहिल्या आठवड्यापासून कुलूप कधी काढायचं, टाकी कोण भरणार. त्या एका पानाशिवाय माझा जिना नुसत्या पायऱ्या होत्या.

हे सगळं एकाच ड्रॉइंगवर यावं, असं आम्ही ठरवलं. आळीचा लांब सेक्शन. यावरही भांडलो. सिव्हिलमध्ये लांब सेक्शन काढताना उभं माप आडव्यापेक्षा मोठं घेतात, म्हणजे चढउतार ठळक दिसतात. मला ते सहन होईना. घर ताणलं की घर राहत नाही, त्यात मावशी उभी राहू शकत नाही. अखेर दोन्हीकडे १:५०. एकशेचाळीस मीटरची आळी, कागदावर दोन मीटर ऐंशी सेंटिमीटर. मावशीच्या ओटीवर गेटवे ट्रेसिंग पेपरचा रोल पसरला, चार कोपऱ्यांवर चार पाटे-वरवंटे-डबे ठेवले आणि तीन दिवस तिथेच वाकून काढत राहिलो. घरं आणि सामान मी काढलं. पाण्याची रेघ, जमिनीचे थर, पाया त्याने. आणि प्रत्येक घरावर बारीक अक्षरात, त्या घरातल्या माणसाने सांगितलेली वेळ आणि गोष्ट तिने लिहिली. खाली उजवीकडे तिघांची नावं. मावशी मधूनमधून चहा घेऊन यायची आणि आपल्या घरापाशी थांबायची. "माझं फडताळ एवढं रिकामं नाही गो," असं म्हणून तिने माझ्याकडून त्यात बरण्या काढून घेतल्या.

अहवाल जमा करताना एक अडचण आली. मोजणीची तीच सारणी तिघांच्या अहवालात होती. त्याचा अहवाल आधी जमा झाला होता. माझा वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून गेला तेव्हा ती पानं लाल होऊन आली. मी घेतलेली मापं मीच चोरली, असा अर्थ निघाला. मॅडमनी पत्र लिहून ते निस्तरलं.

माझी ज्युरी, म्हणजे थिसीसची तोंडी परीक्षा, मे २०२३ मध्ये झाली. आदल्या दिवशी शीट्स लावताना परीक्षा विभागातून निरोप आला की शीटवर परीक्षार्थीव्यतिरिक्त कुणाचंही नाव चालणार नाही. नवी शीट काढायला वेळ नव्हता. कुणीतरी पांढऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या कापून आणल्या आणि माझ्या दोन्ही साथीदारांच्या नावांवर चिकटवल्या. मी बाजूला उभी होते. मी काही बोलले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. ज्युरीत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सेक्शन पुष्कळ वेळ पाहिला. त्यांना तो आवडला, हे दिसत होतं. मग त्यांनी विचारलं, "छान आहे. पण यातलं तुझं किती?" मी घरं दाखवली, जिना दाखवला, वरचा मजला दाखवला. पाण्याच्या रेघेकडे बोट गेलं आणि मी म्हणाले, ही माझी नाही. मग पायऱ्यांशेजारी लिहिलेल्या किल्ल्यांच्या ओळीशी आले आणि म्हणाले, हीही माझी नाही. त्यानंतर मला पुढचं नीट बोलता येईना. कारण पाण्याची रेघ काढून घेतली तर जिन्याची उंची कुठून आणायची आणि किल्ली काढून घेतली तर जिना कुणासाठी? जे माझं होतं ते त्या दोघांच्या कामाने ठरलं होतं. हे मी तेव्हा असं सांगू शकले असते तर फार बरं झालं असतं. गुण बरे मिळाले. गुणांबद्दल माझी तक्रार नाही.

तोच रोल प्लॅस्टिकच्या पाईपमध्ये घालून मी एसटीने घाटावर पाठवला. तिथे त्याच्या परीक्षकांनी आकडेमोड आणि चिऱ्याच्या चाचण्या कसून तपासल्या आणि बरण्या कशाला काढल्यात असं विचारलं. तिसऱ्या परीक्षेत सांगलीच्या मुलीला विचारलं गेलं की संशोधक म्हणून तू तटस्थ राहिलीस का, की बैठका घेऊन निकाल घडवून आणलास. तिने सांगितलं, बैठका घेतल्या, आणि कुठल्या बैठकीत काय मोडलं ते लिहिलंय. तिन्ही ठिकाणी माणसं जाणकार होती. तिन्ही ठिकाणी त्यांनी आपापल्या विषयाचं बारकाईने पाहिलं.

मृग लागायच्या आधी आम्ही तिघं चिपळूणला गेलो. सेक्शनची मोठी प्रिंट काढून नेली होती, आळीला द्यायला. मूळ रोलही बरोबर होता. कागदाच्या पट्ट्या मी पाण्याचा बोळा फिरवून सावकाश सोडवल्या. एका नावाच्या शेवटच्या अक्षराची शाई थोडी फिकटली, तेवढंच. प्रिंट मावशीच्या पडवीत दोरीवर अडकवली. आळी जमली. प्रत्येकजण आपलं घर शोधून तिथे उभा राहत होता. मुलं कागदावर नाकं लावून वाचत होती.

आमच्या सेक्शनमध्ये मधल्या एका घरापाशी पाण्याची रेघ अचानक खाली बसली होती. जवळजवळ हातभर. सिव्हिलवाल्याने त्यावर तीन महिने घालवले होते. तिथे आळीला बोळ फुटतो, त्या बाजूला पाणी पळालं असेल, प्रवाहाचा वेग वाढला की पातळी थोडी उतरते, असं त्याने गणित मांडून अहवालात दोन पानं लिहिली होती. त्या पानांबद्दल परीक्षकांनी त्याची पाठ थोपटली होती.

त्या घरातल्या आजी मोजणीच्या दिवशी नव्हत्या, मुलीकडे गुहागरला गेल्या होत्या. खूण दाखवली होती ती सुनेने: दाराच्या चौकटीवर खिळ्याने कोरलेली रेघ. आजींनी चष्मा लावला, आपल्या दारापाशी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही खूण आमच्या ह्यांनी केलेली. ह्यांना जाऊन दहा वर्षं झाली."

आम्ही तिघं एकमेकांकडे पाहतच राहिलो. ती २००५ ची रेघ होती. २६ जुलैच्या पुराची. सून लग्न होऊन आली ती त्यानंतर. तिला वाटलं, खूण म्हणजे पुराची खूण.

"मग एकवीसची?" सांगलीच्या मुलीने विचारलं.

आजी आम्हाला घरी घेऊन गेल्या. भिंतींना नवा रंग दिलेला, कुठे काही दिसत नव्हतं. त्यांनी माळ्याची शिडी लावायला सांगितली. वर तुळईला, रंगारी पोचला नव्हता तिथे, चिखलाची एक वाळकी तपकिरी पट्टी होती. लेव्हल आणलेली नव्हती. मी शिडीवर चढून टेपचं टोक पट्टीला लावलं, तिने चौकटीवरच्या रेघेशी टेप धरला, त्याने खाली वाकून आकडा वाचला. मग पुन्हा वाचला. परत पडवीत येऊन मूळ रोल ओटीवर पसरला, आजींच्या घरावरची रेघ खोडली आणि वर सरकवली. दोन्ही बाजूंच्या घरांशी ती सरळ जुळली.

"माझी दोन पानं गेली," तो म्हणाला आणि खोडलेल्या रेघेच्या जागी तुटक रेघ काढून त्यावर २००५ असं लिहिलं. आजींनी आपल्या यजमानांचं नावही तिथे लिहायला सांगितलं. ते सांगलीच्या मुलीने लिहिलं.